चिठ्ठी, दाखला आणि खोटी ओळ



आजचा कार्यक्रम संपला की एक काम करा. ट्रंकेत, कपाटात, डब्यात, जिथं कुठं तुम्ही कागद जपून ठेवले असतील तिथून शाळा सोडल्याचा दाखला काढा. तुमचा नसेल तर मुलीचा काढा. त्यावर नाव असतं, जन्मतारीख असते, शाळा सोडल्याचं कारण असतं. आणि एक रकाना असतो, 'वर्तणूक'. त्यापुढं बहुतेक सगळ्यांच्या दाखल्यावर एकच शब्द लिहिलेला असतो, 'चांगली'.

तो रकाना आपण कधी नीट वाचलेला नसतो. पण माणसाची वागणूक कशी आहे हे दुसऱ्या कुणीतरी कागदावर लिहून द्यायचं आणि तो कागद दाखवून आपण काम मागायचं, ही रीत फार जुनी आहे. तिचा इतिहास मी आज सांगणार आहे. हा इतिहास राजांचा आणि लढायांचा नाही. मोलकरणींचा, आयांचा, शिक्षकांचा आणि कारकुनांचा आहे. म्हणजे आपलाच आहे.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बी.कॉम. झाली. नाव सांगणार नाही. हुशार पोर. शहरातल्या एका कंपनीची जाहिरात आली. त्यात दोन वर्षांचा अनुभव मागितला होता. बायोडाटा घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, अनुभव तर नाही. काय लिहू?" मी गटाच्या वह्या तपासत होते. मान वर न करता मी म्हणाले, "लिही गं दोन वर्षं. सगळेच लिहितात. कोण बघायला येतंय?"

तिनं लिहिलं. तालुक्याला पैसे देऊन एका फर्मच्या नावाचा अनुभवाचा दाखलाही आणला. नोकरी लागली. खोलीच्या डिपॉझिटसाठी आईनं गटातून पंधरा हजार अंतर्गत कर्ज घेतलं. दीड महिन्यानं कंपनीनं नेमलेल्या माणसांनी त्या दाखल्यावरच्या फर्मला फोन केला. अशी मुलगी आमच्याकडे कधी नव्हती, असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात पोरगी पिशवी घेऊन घरी परत आली. कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. दर महिन्याच्या बैठकीत ताई तो माझ्यासमोर भरायच्या आणि मला काहीच बोलायच्या नाहीत.

"कोण बघायला येतंय" हे वाक्य माझं होतं. म्हणून मग मी वाचायला बसले. कागद बघायला कोण येतं, कधीपासून येतं आणि का येतं?

विलायतेतल्या मोलकरणी

गोष्ट सुरू होते सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये. खेड्यापाड्यातून मुली कामासाठी शहरात यायच्या. कारखाने अजून फार नव्हते. बायकांना मिळणारं मोठं काम म्हणजे श्रीमंतांच्या घरी मोलकरीण, स्वयंपाकीण किंवा दाई होणं. मालकिणीच्या घरातच राहायचं, तिथंच जेवायचं आणि वर्षाचा पगार ठरवून घ्यायचा. साध्या मोलकरणीला वर्षाला पाच ते दहा पौंड मिळायचे.

एक घर सोडून दुसऱ्या घरी जायचं, तर नवी मालकीण विचारायची, "आधीच्या घरचं कॅरेक्टर आण." कॅरेक्टर म्हणजे चारित्र्य. आधीच्या मालकिणीनं सांगितलेलं किंवा लिहून दिलेलं चार ओळींचं मत: बाई प्रामाणिक आहे, दारू पीत नाही, इतकी वर्षं आमच्याकडे होती. आपल्याकडे पोलीस ठाण्यातून जो दाखला घेतात, त्याला आजही 'चारित्र्य पडताळणी' म्हणतात. शब्द तोच आहे बघा.

पण ते चार ओळींचं मत लिहून द्यायला मालकीण बांधील नव्हती. १८०० साली तिथल्या एका न्यायाधीशांनी, लॉर्ड केनियन यांनी, तसा निकालच दिला की नोकराचं चारित्र्य लिहून देणं मालकावर बंधनकारक नाही. म्हणजे दहा वर्षं राबलेली बाई रागाच्या भरात काढली आणि मालकिणीनं तोंड फिरवलं, तर त्या दहा वर्षांचा पुरावा शून्य. मग ती बाई काय करणार? कुणी मैत्रिणीला मालकीण बनवायची. कुणी लिहिता येणाऱ्याकडून खोटं पत्र करून घ्यायची. कुणी खऱ्या पत्रावरची तारीख बदलायची. खोटे बायोडाटे तेव्हापासून आहेत, आणि त्यातले पुष्कळ भुकेपोटी लिहिलेले आहेत. सगळेच तसे नव्हते, हेही खरं. खोटी पत्रं घेऊन घरात शिरायचं आणि चांदीची भांडी घेऊन निघून जायचं, असे चोरही होते. मालकांच्या मनातली भीती अगदीच हवेतली नव्हती.

या भीतीतूनच १७५० साली लंडनमध्ये एक कचेरी निघाली. हेन्री फील्डिंग हे त्या काळचे नावाजलेले कादंबरीकार आणि न्यायदंडाधिकारी. त्यांचे सावत्र भाऊ जॉन फील्डिंग डोळ्यांनी अंध होते, पुढं तेही न्यायदंडाधिकारी झाले. या दोघांनी ही कचेरी चालवली. ज्याला नोकर हवा त्यानं तिथं नाव नोंदवायचं, ज्याला काम हवं त्यानंही नोंदवायचं. काम मागणाऱ्यानं आपला नीट ठावठिकाणा आणि आधीच्या कामाची माहिती द्यायची. आज कंपन्या पडताळणीचं काम बाहेरच्या संस्थांना देतात, त्या संस्थांची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

मग १७९२ साली तिथल्या संसदेनं खोट्या चारित्र्यपत्रांविरुद्ध खास कायदा केला. हा कायदा मला फार विचार करायला लावतो. त्यात गुन्हे कोणते होते? मालक असल्याचं सोंग करून कुणाचं चारित्र्य सांगणं. नोकर जितके दिवस होता त्यापेक्षा वेगळे दिवस मुद्दाम लिहून देणं. जिथं काम केलं नाही तिथं केलं म्हणून सांगणं. दाखल्यावरची तारीख खोडून बदलणं. दोनशे तीस वर्षांपूर्वीची ही यादी आहे, पण आजच्या खोट्या बायोडाट्याचीच वाटते.

दंड होता वीस पौंड. मालकाला वीस आणि नोकरालाही वीस. वाटायला सारखा आहे. पण मोलकरणीचे ते दोन ते चार वर्षांचे पगार झाले. भरता आले नाहीत तर एक ते तीन महिने सक्तमजुरीचा तुरुंग. दंड एकच असला तरी भार सारखा नव्हता.

याच कायद्यात एक दार मात्र उघडं ठेवलेलं होतं. ज्या नोकरानं असा गुन्हा केला आहे, पण अजून त्याच्याविरुद्ध तक्रार झालेली नाही, त्यानं स्वतः पुढं येऊन सगळं सांगितलं आणि आपल्या साथीदारांची नावं दिली, तर त्याला माफी. अट एवढीच की पकडलं जायच्या आधी सांगायचं. कायदा कडक होता, मालकांच्या बाजूचा होता, तरी आधी बोलणारा आणि नंतर सापडणारा यांच्यात त्यानं फरक केला होता. हा फरक लक्षात ठेवा. पुढं तो परत येणार आहे.

आपली चिठ्ठी त्यांच्या शब्दकोशात

इंग्रज इकडं आले आणि ही रीतही इकडं आली. मुंबई, पुणे, कलकत्ता, मद्रास, सगळीकडं साहेबांच्या बंगल्यावर बटलर, खानसामा, आया, माळी, धोबी असा लवाजमा असे. साहेबाची बदली झाली की नोकर म्हणायचे, "साहेब, चिठ्ठी द्या." हा आपला 'चिठ्ठी' शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचं 'चिट' केलं. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला. त्यात हा शब्द आहे, आणि नोकराला दिलेला दाखला असा अर्थही दिला आहे.

या चिठ्ठ्या नोकर माणसं कापडात गुंडाळून जिवापाड जपायची. बापाची चिठ्ठी मुलगा वापरायचा. एकाची दुसऱ्याला उसनी मिळायची, विकतही मिळायची. साहेब लोक आपसात त्यावर विनोद करायचे.

त्यातला एक विनोद मला वाचवला नाही. चिठ्ठी इंग्रजीत असायची आणि नोकराला इंग्रजी वाचता यायचं नाही. काही साहेब चिठ्ठीत चक्क वाईट लिहायचे: हा आळशी आहे, याला ठेवू नका. आणि तो बिचारा तीच चिठ्ठी दारोदार अभिमानानं दाखवत फिरायचा.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींनी न वाचता अंगठा दिला आहे? किती जणींनी न वाचता सही केली आहे? स्वतःबद्दलचा कागद स्वतःला वाचता न येणं ही केवढी लाचारी आहे, ते त्या नोकराला विचारावं. म्हणून आपल्या गटात इतिवृत्त मोठ्यानं वाचून मगच सह्या घेतात. तो नियम कंटाळवाणा वाटतो, पण त्यामागं हे सगळं आहे.

एवढा इतिहास ऐकून तुम्ही म्हणाल, मग गरिबांनी खोटं लिहिलं तर काय चुकलं? कागद नेहमी वरच्यांच्याच हातात होता. मलाही वाचताना तसंच वाटलं होतं. पण पुढची गोष्ट ऐका.

अठ्ठावीस वर्षांचं ओझं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी नावाची जगप्रसिद्ध संस्था आहे. तिलाही एमआयटीच म्हणतात. आपल्या पुण्याची ती वेगळी. तिथं १९७९ साली मॅरिली जोन्स नावाची तरुण बाई प्रवेश विभागात नोकरीला लागली. मुलींनी या संस्थेत यावं, इंजिनीअर व्हावं म्हणून प्रयत्न करणं हे तिचं काम होतं. तिनं ते मन लावून केलं. वर चढत चढत १९९७ मध्ये ती प्रवेश विभागाची प्रमुख झाली. जगभरातल्या मुलांचे अर्ज तिच्या टेबलावर यायचे. मुलांवर स्पर्धेचं ओझं फार झालं आहे, अर्जात मोठेपणा दाखवण्यासाठी धडपडू नका, जसे आहात तसे या, असं ती गावोगाव सांगायची. तिनं पालकांसाठी पुस्तकही लिहिलं. संस्थेनं तिचा गौरव केला.

आणि एप्रिल २००७ मध्ये तिला राजीनामा द्यावा लागला. नोकरीला लागताना तिनं तीन संस्थांच्या पदव्या लिहिल्या होत्या, आणि त्या तिन्हींपैकी एकही तिच्याकडे नव्हती. कुणीतरी संस्थेला कळवलं, संस्थेनं तपासलं आणि ते उघड झालं.

सगळ्यात वाईट काय, ऐका. १९७९ मधल्या त्या सुरुवातीच्या नोकरीसाठी बहुधा पदवीची अटच नव्हती, असं संस्थेच्याच अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. एका लहान कॉलेजची खरी पदवी तिच्याकडे होती, हेही पुढं आलं. म्हणजे खोट्याची गरजच नव्हती. जे होतं ते पुरेसं होतं, फक्त तिला ते पुरेसं वाटलं नव्हतं.

राजीनाम्यात तिनं कबूल केलं की पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि नंतर ते दुरुस्त करायचं धैर्य झालं नाही. बढती मिळाली तेव्हाही नाही. अठ्ठावीस वर्षं! दर वर्षी हजारो मुलांचे अर्ज खरे की खोटे हे बघणारी बाई, आणि तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये ती एक ओळ. तिची झोप कशी होत असेल?

आपण कर्जाचा व्यवहार जाणतो. सावकाराकडून घेतलेलं थोडं कर्जही वेळेवर फेडलं नाही तर व्याजावर व्याज चढतं. पहिल्या वर्षी फेडता येतं. दहाव्या वर्षी शेत विकावं लागतं. खोट्या ओळीचंही तसंच आहे. १९८० साली जोन्सबाईंनी सांगितलं असतं तर फार तर एक छोटी नोकरी गेली असती. २००७ साली सगळं आयुष्यभराचं काम गेलं.

आपल्या देशातले निकाल

आता आपल्याकडे या. सरकारी नोकरी लागली की एक लांबलचक साक्षांकन नमुना भरून घेतात. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला का, कोर्टात खटला आहे का, अशी विचारणा असते. खाली छापलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल.

२००३ साली सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय विद्यालयातल्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांच्यावर भांडणाचा खटला चालू होता आणि अर्जात त्यांनी 'नाही' असं लिहिलं होतं. तो खटला पुढं मागे घेतला गेला. तरीही नोकरी गेली. त्यांचं म्हणणं होतं की अर्ज इंग्रजीत होता, मी हिंदी माध्यमात शिकलो, मला रकाना नीट कळला नाही. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाचं हे म्हणणं पटण्यासारखं नाही, असं ठरलं. ज्या शिक्षकाकडे मुलं सोपवायची, त्याचा खरेपणा हीच खरी तपासणी, असा तो विचार होता.

मग अशा प्रकरणांत वेगवेगळे निकाल येत गेले. म्हणून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सगळ्यांचा मेळ घालून नियम सांगितले. आपल्याला उपयोगी असे मुद्दे मी साध्या भाषेत सांगते.

पहिला मुद्दा, दिलेली माहिती खरीच असली पाहिजे.

दुसरा, तरुण वयात घोषणा दिल्या म्हणून झालेला गुन्हा किंवा तसाच किरकोळ प्रकार लपवला गेला असेल, तर मालकानं तारतम्य वापरून तो सोडून देता येतो.

तिसरा, उमेदवारानं खरं सांगितलं तरी नोकरी द्यावीच लागेल असं नाही. विचार करायचा अधिकार मालकाचा राहतो.

चौथा, अर्जातला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे. जे विचारलंच नाही ते लपवलं, असं म्हणता येणार नाही. आणि ज्या गोष्टीची उमेदवाराला माहितीच नव्हती, तिच्यासाठी त्याला खोटारडा ठरवता येणार नाही.

बघा, १७९२ च्या त्या कायद्यातला फरक इथं परत आला. चूक लहान की मोठी, सांगितली की लपवली, माहीत होती की नव्हती, हे सगळं तोललं जातं. खरं बोलणाऱ्याला हमी मिळत नाही. पण त्याच्या हातात बोलायला जागा राहते. लपवणाऱ्याची चूक लहान असली तरी लपवणंच मोठं होऊन बसतं.

आता आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण. जातीच्या खोट्या दाखल्यांवर राखीव जागा घेतल्याची प्रकरणं इतकी वाढली की १९९४ साली, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्या आणि त्यांच्या हाताखाली चौकशीसाठी दक्षता पथकं नेमायला सांगितली. मग आपल्या राज्यानं कायदा केला, तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. आपण ज्याला 'व्हॅलिडिटी' म्हणतो, ते जात वैधता प्रमाणपत्र याच पडताळणीतून मिळतं. दावा खरा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. खोटा निघाला तर मिळालेले फायदे परत जातात आणि शिक्षाही आहे.

जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं. दावा अवैध ठरला तर किती वर्षं नोकरी झाली हे बघून ती वाचवता येणार नाही. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारनं अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर अकरा महिन्यांसाठी वर्ग करायचा निर्णय घेतला. कायम नोकरीत केस पिकलेली माणसं अकरा महिन्यांच्या कागदावर आली.

यांच्यातल्या प्रत्येकानं जाणूनबुजून खोटं केलं होतं असं मी म्हणणार नाही. काहींचे जुने कागदच अपुरे होते. पण जिथं खरोखर खोटा दाखला होता, तिथं एक गोष्ट विसरू नका. ती जागा कुणाची तरी होती. पाड्यावरची एखादी पोरगी खरा दाखला घेऊन त्याच रांगेत उभी होती आणि रिकाम्या हातानं परत गेली. तिचं नाव कुठल्याही निकालात येत नाही. "कोणाचं काय नुकसान झालं?" असं आपण म्हणतो, तेव्हा ती पोरगी आपल्याला दिसत नाही एवढंच.

आज कागद कोण बघतं?

पूर्वी शहरातल्या साहेबाला गावातल्या माणसाची माहिती काढायला महिने लागायचे. आता तसं राहिलेलं नाही. भविष्य निर्वाह निधी कापला गेला की बारा आकडी यूएएन क्रमांक मिळतो. २०१४ पासून ही पद्धत आहे. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो, आणि कुठं, कधीपासून, कधीपर्यंत काम केलं त्याची नोंद त्यात दिसते. २०१५ पासून डिजिलॉकर आहे. त्यात बोर्डाची गुणपत्रिका थेट बोर्डाकडून येते. कंपन्या रुजू करून घेताना संमतीच्या कागदावर सही घेतात आणि विद्यापीठाला, जुन्या मालकाला विचारतात. ती सही कशासाठी आहे ते वाचून घ्या, विचारून घ्या. बनावट दाखला खरा म्हणून वापरणं हा जुन्या दंड संहितेतही गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. म्हणजे गोष्ट नोकरी जाण्यावर थांबेलच असं नाही.

पण आपल्या बायकांची एक वेगळी अडचण आहे. आपण खोटं बोलत नसतो, तरी आपले कागद एकमेकांशी बोलत नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. पडताळणी करणाऱ्याला ते संशयास्पद दिसतं. त्यावर उपाय आहे. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. अर्जात दोन्ही नावं लिहा.

मधल्या काळात काम सुटलं असेल, बाळंतपण, आजारी सासू, दुष्काळात ऊसतोडीला जाणं, तर ती वर्षं झाकू नका. "घरच्या जबाबदारीमुळे काम बंद होतं" असं लिहायला लाज कसली?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जे खरंच केलंय ते लिहा. हे मला कुठं उमगलं, ते सांगून थांबते.

ती मुलगी परत आल्यावर दोन महिने घराबाहेर पडली नाही. मग एकदा मीच गेले. तिला म्हणाले, "चूक तुझी होती, तशी माझीही होती. चल, नवा बायोडाटा लिहू." काय काय येतं ते विचारत बसले. आणि बोलता बोलता निघालं की आईला लिहिता येत नाही म्हणून अकरावीपासून गटाची रोकड वही, कर्ज खातेवही आणि इतिवृत्त तीच लिहीत होती. तेरा बायकांचा हिशेब, पाच वर्षं, आणि बँकेच्या तपासणीत कधी रुपयाची चूक निघाली नव्हती. त्या वह्या मी स्वतः दर महिन्याला तपासत होते. बायोडाटा घेऊन ती आली त्या दिवशीही माझ्या हातात तीच वही होती. खरा अनुभव माझ्या मांडीवर होता आणि मी तिला खोटा लिहायला सांगत होते.

या वेळी आम्ही तो लिहिला. गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांनी सही करून पत्र दिलं, त्यात जेवढं केलं तेवढंच लिहिलं, एक ओळही जास्त नाही. पुढच्या एका अर्जात प्रश्न होता, "यापूर्वी कुठून काढून टाकलं आहे का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिनं 'हो' लिहिलं आणि कारणही लिहिलं.

तिथून बोलावणं आलं नाही. हे मी लपवणार नाही. दुसऱ्या ठिकाणीही तोच प्रश्न तोंडी विचारला, तिनं तेच उत्तर दिलं. त्या बाईंनी गटाची वही मागवून बघितली आणि पहिले सहा महिने कमी पगारावर ठेवते म्हणाल्या. आता ती तिथं हिशेब बघते. पगार पहिल्या कंपनीपेक्षा बराच कमी आहे. मागच्या बैठकीत तिच्या आईनं कर्जाचा शेवटचा हप्ता भरला.

तेव्हा पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगायचं, मी आजवर कोणकोणतं काम केलं. लिहिता येणारीनं ते लिहून घ्यायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. चूक असेल तर तिथंच दुरुस्त करायची. कुणाच्या घरात एखादी खोटी ओळ आधीच कुठल्या अर्जात गेली असेल, तर ती दुरुस्त कशी करायची हेही त्याच वेळी विचारा. कुणी हसायचं नाही. विचारायला उशीर करू नका, एवढंच माझं सांगणं.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.